पत्र कोणामागे पडले?

भावनांची ओळख शिकवण्यासाठी शाळांमध्ये आजकाल जे साहित्य येते, त्यात चेहऱ्यांचा एक तक्ता हमखास असतो. हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला असे गोल पिवळे चेहरे त्यावर ओळीने छापलेले असतात आणि सकाळी वर्गात शिरताना मुलाने आपल्या मनःस्थितीशी जुळणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवावे, अशी अपेक्षा असते. तक्त्यामागचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु बहुतेक मुले हसऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवून जागेवर जाऊन बसतात, कारण मागे रांग खोळंबलेली असते, बाई बघत असतात आणि मुख्य म्हणजे त्या क्षणी मनात नाव द्यावे असे काही घडतही नसते. पाचवी ते सातवीच्या मुलांबरोबर शनिवारी गटखेळ घेण्याचे काम मी काही मैत्रिणींसह करते. त्या कामातून माझे असे ठाम मत झाले आहे की, भावनेला दिलेला शब्द मुलाला आपला वाटायचा असेल, तर आधी ती भावना त्याच्या अंगात उतरलेली असावी लागते. छाती धडधडत असते, कानशिले तापलेली असतात, घशाशी आवंढा आलेला असतो, आणि हे सारे ओसरण्यापूर्वीच त्याच्याशी बोलावे लागते. गटखेळ नेमकी हीच सोय करून देतो. तो भावना खरी देतो, पण मुलाला पेलेल एवढीच देतो.

‘मामाचं पत्र हरवलं’ हा आपल्याकडच्या प्रत्येकाने कधी ना कधी खेळलेला खेळ घ्या. मुले आत तोंड करून रिंगणात बसतात. ज्याच्यावर राज्य असते तो हातातला रुमाल लपवत बाहेरून पळत फिरतो, त्याच्या ‘मामाचं पत्र हरवलं’ला बसलेली मुले ‘ते मला सापडलं’ असे उत्तर देतात आणि मध्येच कोणाच्या तरी पाठीमागे तो रुमाल हळूच पडतो. मागे वळून बघायचे नाही, हात मागे नेऊन चाचपायला मात्र परवानगी असते. पत्र सापडले की उठायचे आणि टाकणाऱ्याने रिकामी जागा पटकावण्याआधी त्याला गाठायचे.

सहावीच्या एका गटात एक मुलगी अशी बसली होती की तिचा उजवा हात मला स्पष्ट दिसत होता. पळणारा पाठीवरून पुढे गेला की तिचा तळवा मागे जाई, फरशीवरून डावीकडून उजवीकडे एकदा फिरे आणि पुन्हा मांडीवर येई. धूळ लागली असेल तर ती ओढणीला पुसली जाई. पत्र तिच्यामागे पडत नव्हते. ज्यांच्यामागे पडत होते ती चार-पाच मुले ठरलेली होती, एक तर जोरात पळणारी किंवा पत्र टाकणाऱ्याच्या खास दोस्तीतली. काही फेऱ्यांनंतर तिचा हात मागे जाईनासा झाला. दोन्ही हात मांडीवर गुंफून ती बसून राहिली, पण ‘ते मला सापडलं’ मात्र इतरांपेक्षा मोठ्याने म्हणू लागली.

अशा वेळी मोठ्या माणसाला फार मोह होतो. ‘अरे, तिच्यामागेही टाका की’ एवढे वाक्य बोलले की काम झाले असे वाटते. आम्ही ते बोललो नाही. सांगून टाकायला लावलेले पत्र तिच्या पदरात दयेसारखे पडले असते आणि बाकीच्यांना काहीच कळले नसते. खेळ संपल्यावर त्याच रिंगणात, मुले अजून धापा टाकत असतानाच, आम्ही दोन प्रश्न विचारले. पत्र आपल्यामागे पडावे असे कोणाकोणाला वाटत होते? आणि पडू नये असे कोणाला? पहिल्या प्रश्नाला जवळजवळ अर्ध्या मुलांनी हात वर केले आणि दुसऱ्याला उरलेल्यांनी. मग दोन्ही बाजू एकमेकींकडे अविश्वासाने पाहू लागल्या. ज्याच्यामागे सर्वांत जास्त वेळा पत्र पडले होते, त्या मुलाचा हात दुसऱ्या प्रश्नाला वर होता. तो म्हणाला, “सगळे माझ्याकडेच बघतात. मी पकडू शकलो नाही, तर हसतात.” त्यानंतर ती मुलगी आपणहून बोलली. “आधी मला वाटत होतं, पडावं. मग वाटलं, जाऊ दे, मला नकोच आहे.” कोणीतरी लगेच ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ म्हणाले आणि मुले हसली. ती थोडी थांबली आणि म्हणाली, “आंबट नाही. मला वाईट वाटलं होतं.” तिने सांगितले का नाही, असे पत्र टाकणाऱ्या मुलाने विचारले, तेव्हा तिचे उत्तर होते, “मागून मिळवायचं, तर मग काय मजा?”

या दहा मिनिटांत जे घडले, ते कोणत्याही तक्त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. एकाच घटनेची एकाला आस असते आणि दुसऱ्याला धास्ती, हे मुलांना समोरासमोर दिसले. ‘नकोच आहे’ हे एखाद्या दुखऱ्या इच्छेवर ओढलेले पांघरूण असू शकते, हे एका अकरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या बाबतीत ओळखून चारचौघांत सांगितले. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली आणि डॅनिएल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणे, त्या नीट व्यक्त करणे, सांभाळणे आणि विचाराच्या कामी आणणे, असे तिचे स्वरूप ढोबळमानाने सांगता येईल. त्यांतली ओळखण्याची पायरी आपण फार सोपी समजतो, आणि शाळेतले बहुतेक उपक्रम तिच्यावरून उडी मारून थेट ‘राग कसा आवरावा’ या धड्यावर जातात. माझ्या मते ओळखणे हेच सर्वांत अवघड आहे, कारण भावना क्वचितच एकटी आणि उघड्या चेहऱ्याने येते.

आवरण्याचे शिक्षणही खेळात असते. फक्त ते उपदेशाच्या वाटेने येत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ मध्ये खेळाविषयी दिलेल्या व्याख्यानात एक मार्मिक विचार मांडला होता. खेळात मूल क्षणोक्षणी आपल्या तात्काळ ऊर्मीच्या विरुद्ध वागते आणि तरीही त्याला त्यातच सर्वाधिक आनंद मिळतो, कारण नियम पाळण्यातच खेळाची गोडी असते. हा विचार डोळ्यांनी पाहायचा असेल, तर खो-खोच्या मैदानावर जावे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ मध्ये या खेळाचे नियम बांधले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला. मधल्या काळात मैदान मातीवरून मॅटवर आले, वेळेचे हिशेब बदलले. पण खो मिळाल्याशिवाय उठायचे नाही, हे त्या खेळाचे मर्म तसेच राहिले. आठ जण आलटून पालटून उलटसुलट तोंडे करून चौकांत उकिडवे बसलेले असतात. पळणारा गडी हाताच्या अंतरावरून जातो, बसलेल्याच्या पोटऱ्या ताणल्या जातात, तळहात जमिनीत रुततात, आणि तरीही त्याला उठता येत नाही. मागून पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू आले की त्याच साठलेल्या बळाने तो सुटतो. घाई आवरणे म्हणजे ती मारून टाकणे नव्हे, हे त्या मुलाच्या पायांना कळलेले असते. खेळानंतर ‘बसून राहताना कुठे काय होत होतं?’ एवढेच विचारले, तरी मुले पोट, मांड्या, दात यांविषयी इतके बारकाईने सांगतात की नंतर रागाविषयी बोलताना तीच भाषा उपयोगी पडते. एका मुलाने पुढे कधीतरी वर्गातल्या भांडणाबद्दल सांगताना ‘मी खो मिळायच्या आधीच उठलो’ असे म्हटले होते.

आपल्या जुन्या खेळांमध्ये मुलांनी मुलांसाठी केलेल्या काही व्यवस्था मला फार शहाण्या वाटतात. धाकट्या भावंडाला ‘कच्चं लिंबू’ म्हणून खेळात घेणे, ही त्यांतली एक. ते पळते, ओरडते, सगळ्यांत असते, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. ज्याला अजून झेपत नाही त्याला बाहेर न बसवता आपल्यांत कसे ठेवायचे, याचे उत्तर कोणत्याही बालमानसतज्ज्ञाला न विचारता अंगणातल्या मुलांनी शोधले होते. त्याच व्यवस्थेची दुसरी बाजूही मुलांना पक्की ठाऊक असते. वर्षभर कच्चे लिंबू राहिलेल्या पोराला एके दिवशी ‘आता मलाही राज्य द्या’ असे म्हणावेसे वाटते, कारण सवलत फार काळ टिकली की तीच अपमान वाटू लागते. ‘टाइम प्लीज’ हीदेखील तशीच एक व्यवस्था. दम लागला, चप्पल तुटली, डोळ्यांत पाणी आले, तर मूठ वर करून सगळा खेळ थांबवण्याचा हक्क सर्वांत लहान खेळाडूलाही असतो आणि तो हक्क मोठी मुलेही मानतात.

भिडू वाटून घेण्याच्या दोन पद्धतींबद्दल तर मला सविस्तर लिहावेसे वाटते. एका पद्धतीत दोन कप्तान उभे राहतात आणि आळीपाळीने एकेक भिडू मागून घेतात. सगळ्यांत शेवटी उरलेल्या मुलाला आपली किंमत सर्वांसमक्ष कळते, आणि ती कळण्याची रीत इतकी क्रूर आहे की शाळेतल्या तासाला ही पद्धत वापरूच नये, असे मी म्हणेन. दुसरी पद्धत माझ्या लहानपणी आमच्या वाडीत होती. साधारण सारख्या ताकदीची दोन-दोन मुले जोडी करून बाजूला जात, आपसांत गुपचूप नावे घेत आणि गळ्यात हात घालून कप्तानांपुढे येऊन विचारत, “तुला गुलाब हवा की मोगरा?” कप्तान एक नाव उच्चारी आणि त्या नावाचा भिडू त्याच्याकडे जाई. यात कोणीच नाकारले जात नसे आणि दोन्ही बाजूही तुल्यबळ होत. जोडीदार शोधताना मात्र प्रत्येकाला आपल्या बळाचा प्रामाणिक अंदाज घ्यावा लागे. आम्ही आता ही रीत मुद्दाम वापरतो. मुलांना तिचे काही विशेष वाटत नाही. ती फक्त चढाओढीने नवी नावे शोधतात आणि गुलाब-मोगऱ्याच्या जागी वडापाव आणि मिसळ येतात.

गटखेळांना शिक्षणाच्या हेतूने नवे रूप देणाऱ्यांमध्ये व्हायोला स्पोलिन यांचे नाव मोठे आहे. १९०६ साली जन्मलेल्या या बाईंनी शिकागोत नीवा बॉइड यांच्या हाताखाली खेळांतून समाजकार्य करण्याचे शिक्षण घेतले. निरनिराळ्या देशांतून येऊन तिथल्या गरीब वस्त्यांत राहणाऱ्या कुटुंबांच्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी आपले नाट्यखेळ घडवले आणि १९६३ मध्ये ते पुस्तकरूपाने आले. अभिनय शिकवण्यासाठी हे खेळ आज जगभर वापरले जातात. मला त्यांच्या विचारातले सर्वांत मोलाचे वाटते ते शाबासकीविषयीचे त्यांचे म्हणणे. नापसंतीने मूल आखडते, हे आपण मान्य करतो. पण शाबासकीच्या आशेनेही ते तितकेच आखडते, कारण मग ते खेळाकडे न पाहता आपल्या तोंडाकडे पाहू लागते, असे त्यांचे निरीक्षण होते. भावनांविषयी बोलताना हा धोका दुप्पट असतो. ‘मला तिच्याबद्दल वाईट वाटलं’ म्हणणाऱ्या मुलाला ‘छान!’ म्हटले, की पुढच्या पाच जणांना तिच्याबद्दल वाईटच वाटते. म्हणून आमच्याकडे चर्चेत उत्तराला ‘छान’ म्हणायचे नाही, असा नियम आम्ही स्वतःवर घातला आहे. ‘अच्छा’ म्हणून पुढच्याकडे वळणे हे दिसायला कोरडे आहे, पण त्यामुळे मुले खरे बोलतात.

स्पोलिन यांचा आरशाचा खेळ आम्ही पुष्कळदा घेतो. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे, एकाने हळूहळू हालचाल करायची आणि दुसऱ्याने त्याचे प्रतिबिंब व्हायचे. मग अदलाबदल करायची आणि शेवटी कोण पुढे आणि कोण मागे हे ठरलेलेच नसताना दोघांनी एकमेकांचा मागोवा घ्यायचा. सुरुवातीला मुले एकमेकांना चकवण्यासाठी झटकन हात हलवतात. काही वेळाने त्यांच्या लक्षात येते की समोरच्याला जमेल अशा वेगाने हालले, तरच खेळ रंगतो. समानुभूतीवरचे व्याख्यान मी पुष्कळ ऐकले आहे. या खेळात मुलांचा श्वास एका लयीत येताना पाहून मला जे समजले, ते त्या व्याख्यानांत नव्हते.

दुसरा एक खेळ आम्ही चिठ्ठ्यांचा करतो. वाक्य एकच असते, ‘माझी वही कुठे आहे?’ चिठ्ठीत निघालेल्या भावनेने ते म्हणायचे आणि इतरांनी भावना ओळखायची. चिठ्ठ्यांसाठी शब्द शोधताना मी भरताच्या नाट्यशास्त्राकडे वळले. आठ स्थायी, म्हणजे टिकून राहणाऱ्या, भावांच्या जोडीला तिथे तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन ओसरून जाणारे, भाव सांगितलेले आहेत. त्यांत शंका आहे, असूया आहे, व्रीडा म्हणजे लाज आहे, औत्सुक्य आणि दैन्य आहे, अपमानाने आतल्या आत धुमसणारा अमर्ष आहे, आणि मनातले चेहऱ्यावर दिसू न देण्याची ‘अवहित्थ’ नावाची अवस्थाही आहे. लपवणे हाही एक भाव आहे, हे इतक्या जुन्या काळी कोणीतरी नोंदवून ठेवले, याचे मला अपार कौतुक वाटते. मुलांच्या बोलण्यात मात्र ‘राग आला’, ‘मजा आली’, ‘बोअर झालं’ आणि सगळ्यांत लाडके ‘कसंतरी झालं’ एवढाच पसारा असतो. आम्ही संस्कृत शब्द त्यांच्यावर लादत नाही. पण असूयेची चिठ्ठी ‘हेवा वाटला’ म्हणून आणि अमर्षाची ‘आतून जळफळाट झाला’ म्हणून आत जाते, आणि काही आठवड्यांनी हे शब्द भांडणांतही ऐकू येऊ लागतात.

या खेळातली चुकलेली उत्तरे मला बरोबर उत्तरांपेक्षा जास्त शिकवतात. ‘लाज वाटली’ ही चिठ्ठी मुलग्यांपैकी कोणाला निघाली की समोरचे बहुतेक वेळा ‘राग’ असे ओळखतात, कारण तो मुलगा भुवया आवळून, आवाज चढवून वही मागतो. चिठ्ठी उघडून दाखवल्यावर ते गोंधळतात. असे दोन-तीनदा झाल्यावर सातवीतला एक मुलगा म्हणाला, “लाज वाटली की ओरडायचंच असतं ना, नाहीतर सगळ्यांना कळेल.” घरातल्या आणि दारातल्या कितीतरी रागांचा उलगडा त्या वाक्यात होता. मुलग्यांना रागाशिवाय दुसरी भावना दाखवायची मुभाच आपण ठेवलेली नाही, आणि मग मोठेपणी त्यांच्या रागाची तक्रार करतो. भावनिक साक्षरतेचे काम मुलींइतकेच, किंबहुना अधिक तातडीने, मुलग्यांबरोबर व्हायला हवे, असे मला कळकळीने वाटते.

काही पथ्ये मात्र कडकपणे पाळावी लागतात. कोणत्याही मुलाला ‘आज मी फक्त बघणार’ असे म्हणता आले पाहिजे आणि त्याचे कारण विचारू नये. सहावी-सातवीत हात धरायच्या, डोळे बांधून चालायच्या किंवा दाटीवाटीने उभे राहायच्या खेळांत मुलींना, आणि मुलग्यांनाही, संकोच वाटतो. अशा वेळी रुमालाची दोन टोके धरून खेळ घेतला तरी त्याचे काही बिघडत नाही. बोलणे शक्यतो खेळात काय झाले एवढ्यावरच ठेवावे. ‘घरी असं कधी होतं का?’ हा प्रश्न विचारायला सोपा असतो. पण पंचवीस मुलांसमोर घर उघडे पाडायला लावण्याचा अधिकार आपल्याला नसतो. मुलाला सांगायचे असेल, तर ते नंतर चपला घालताना शेजारी येऊन सांगते, आणि तेव्हा आपल्याला घाई नसावी.

संगीत खुर्चीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण स्नेहसंमेलनापासून सोसायटीच्या गणेशोत्सवापर्यंत ती सगळीकडे असते. त्या खेळात सर्वांत आधी बाद होते ते सर्वांत बुजरे किंवा हळू मूल, म्हणजे ज्याला खेळण्याची सर्वाधिक गरज असते तेच सर्वांत जास्त वेळ कडेला बसते. आम्ही खुर्च्या कमी करत जातो, पण मुले कमी करत नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून मावायचे असते. तरीही मी मूळ खेळ पूर्णपणे सोडून द्यायच्या मताची नाही. हरणे हा अनुभवही मुलांना हवा असतो आणि ‘चिडका बिब्बा’, ‘रडीचा डाव खडी’ अशी चिडवाचिडवी सोसण्याचे बळही हरूनच येते. सहकार्याचे खेळ आणि चुरशीचे खेळ असा वाद घालण्यापेक्षा, हरलेल्या मुलाला पुन्हा खेळात यायला किती वेळ लागतो, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. लंगडीत किंवा लगोरीत बाद झालेला पुढच्या डावात परत येतो. संगीत खुर्चीत तो येत नाही.

महाराष्ट्राला ही वाट अनोळखी नाही. १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर खेळ, गाणी आणि त्यानंतर गोल बसून बोलणे यांची सांगड होती. २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमधून सुरू झालेल्या ‘मूल्यवर्धन’ उपक्रमानेही जोडीत आणि गटात शिकण्यावर भर दिला. शिक्षकांशी या विषयावर बोलताना मात्र एक प्रश्न हटकून येतो, की याचे मूल्यमापन कसे करायचे आणि गुण कसे द्यायचे. भावनांना गुण दिले, की मुले गुण मिळवणाऱ्या भावना दाखवू लागतील, हे माझे उत्तर ठरलेले आहे. त्याऐवजी आम्ही एक साधी वही ठेवतो आणि तीत फक्त पाहिलेले लिहितो: कोणी कोणाला जोडीला घेतले, कोण प्रथमच टाइम प्लीज म्हणाले, कोण बाद झाल्यावर किती वेळात परतले, कोणी शेजारच्याला सरकून जागा दिली. तिच्यात ‘समंजस’, ‘हट्टी’ असली विशेषणे लिहायची नाहीत.

आणखी एका बाबतीत माझ्या मैत्रिणींचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. प्रत्येक खेळानंतर बोलणे झालेच पाहिजे, नाहीतर तो नुसताच खेळ राहतो, असे त्यांना वाटते. माझे म्हणणे आहे की निम्म्याहून अधिक वेळा नुसताच खेळ राहू द्यावा. रुमाल पडला की आता बाई विचारणार, हे मुलांना आधीच कळले, तर ती विचारल्यावर द्यायचे उत्तर मनात जुळवत खेळतील आणि हात मागे जाणार नाही. सध्या आम्ही असे ठरवले आहे की खेळ संपल्यावर लगेच काही विचारायचे नाही; पाण्याच्या बाटल्या उघडेपर्यंत थांबायचे. त्या अवधीत मुले आपसांत बोलू लागली, तर आमचे प्रश्न पुढच्या शनिवारपर्यंत तसेच राहतात.